सामुदायिक आरोग्य विमा : हप्ता भरला, पण दवाखान्यात कोण जाते?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

या वेळी आलेली बहुतेक पत्रे सामुदायिक आरोग्य विम्याबद्दल आहेत. गाव, सहकारी संस्था किंवा बचत गट यांनी मिळून वर्गणी काढायची, एखाद्या दवाखान्याशी दर ठरवायचे आणि आजारी पडेल त्याचा खर्च त्या निधीतून भागवायचा, अशी ही पद्धत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

आमच्या गटात शंभर कुटुंबे आहेत. गेल्या वर्षी प्रत्येक घराने दवाखान्यावर किती खर्च केला ते विचारले, बेरीज केली आणि शंभराने भागून हप्ता काढला. हा हिशेब पुरेसा आहे का?

नाही. या हिशेबात दोन मोठी भोके आहेत. बऱ्याच योजना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांतल्याच एकामुळे आटोपतात.

पहिले भोक असे. गेल्या वर्षीच्या खर्चात अंगावर काढलेली दुखणी नसतात. पैसे नाहीत म्हणून जो गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य दिसतो. विमा आला की तो जायला लागतो, आणि त्यासाठीच तर विमा काढायचा असतो. म्हणून हप्ता ठरवताना विमा आल्यानंतरचा वापर धरावा लागतो.

उदाहरण घेऊ. चलन कुठलेही असो, दवाखान्यातल्या एका भेटीचा औषधांसकट खर्च १०० धरा आणि एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च २,००० धरा. १,००० कुटुंबे, घरटी साडेचार माणसे, म्हणजे ४,५०० सभासद. विम्याआधी माणशी वर्षाला १.२ भेटी आणि शंभरात ३ जण दाखल, असे चित्र असेल तर एकूण खर्च ५,४०,००० अधिक २,७०,००० म्हणजे ८,१०,००० होतो. कुटुंबामागे ८१०. आता विम्यानंतर भेटी १.८ वर गेल्या आणि दाखल होणारे शंभरात ५ झाले, तर खर्च ८,१०,००० अधिक ४,५०,००० म्हणजे १२,६०,००० होतो. कुटुंबामागे १,२६०. जुन्या आकड्यावर हप्ता बांधला असेल तर निधी आठव्या महिन्यातच संपतो. यावर कार्डे, हिशेबनीस, बैठका यांसाठी जमा हप्त्याच्या १२ टक्के आणि राखीव निधीसाठी १० टक्के बाजूला ठेवायचे, तर १,२६० ला ०.७८ ने भागायचे. कुटुंबामागे सुमारे १,६१५ येतात. ८१० आणि १,६१५ यांत दुपटीचा फरक आहे. समितीत हा आकडा ऐकून माणसे दचकतात हे खरे, पण सुरुवातीलाच दचकलेले बरे. लोकांना एवढे परवडत नसेल तर हप्ता कमी लावून सगळे देण्याचे वचन देऊ नका, लाभच कमी ठेवा. कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी सुरू झालेल्या यशस्विनी योजनेने सुरुवातीला फक्त शस्त्रक्रियाच घेतल्या होत्या, म्हणून हप्ता अगदी थोडा ठेवता आला.

दुसरे भोक तुमच्या शंभर कुटुंबांचे. शंभर कुटुंबे म्हणजे ४५० माणसे. शंभरात ५ या दराने वर्षाला २२-२३ जण दाखल होतील असा अंदाज, पण एवढ्या लहान गटात निव्वळ योगायोगाने हा आकडा १३ ही येऊ शकतो आणि ३२ ही. ४,५०० माणसांत अंदाज २२५ चा असतो आणि योगायोगाने होणारा चढउतार साधारण १९५ ते २५५ एवढाच राहतो. म्हणजे लहान गटाला एखादे वाईट वर्ष जवळजवळ दीडपट खर्चाचे निघते. त्यात एकच महागडी शस्त्रक्रिया आली तर संपलेच. तुमच्यासारख्या आठ-दहा गटांनी एकत्र येऊन दाखल होण्याचा खर्च सामाईक निधीत न्यावा आणि बाह्यरुग्ण (दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा) खर्च गटापाशी ठेवावा. एकत्र येणे जमत नसेल तर माणशी वार्षिक मर्यादा घालाच.

घरोघरी विचारताना एक काळजी घ्या. वर्षभरात कोण दाखल झाले हे लोकांना आठवते. तापासाठी कधी गेलो हे आठवत नाही. म्हणून साध्या भेटींबद्दल मागच्या चार आठवड्यांचेच विचारावे आणि दाखल होण्याबद्दल बारा महिन्यांचे. साध्या भेटींची चौकशी एकदा तापाच्या हंगामात आणि एकदा कोरड्या हंगामात करावी, नाहीतर वार्षिक आकडा हमखास चुकतो.

लोक आजारी पडले की नाव घालायला येतात. बाकी वर्षभर फिरकत नाहीत. काय करावे?

विमा ऐच्छिक असला की हे होणारच. यात लोकांची लबाडी शोधू नका. दार वर्षभर उघडे ठेवले तर शहाणा माणूस गरज पडल्यावरच आत येईल. त्यामुळे नाव नोंदवायची मुदत वर्षातून एकदाच, दीड-दोन महिन्यांची ठेवावी, तीही लोकांच्या हातात पैसे असतात तेव्हा. काँगोमधल्या ब्वामांडा जिल्हा रुग्णालयाने १९८६ साली आपली योजना कापणीनंतरच्या दिवसांशी जोडली होती. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने तर वर्गणी ज्वारीतच घेतली. पेरणीच्या तोंडावर हप्ता मागणारी समिती मुदत आणखी लांबवत बसते आणि शेवटी निम्मी घरेच आत येतात.

नवीन सभासदाला प्रतीक्षा काळ हवा, म्हणजे हप्ता भरल्यावर लाभ सुरू होईपर्यंत थांबण्याची मुदत. साध्या उपचारांना एक महिना, ठरवून करायच्या शस्त्रक्रियांना सहा महिने, बाळंतपणाला दहा महिने ही विभागणी चालते. अपघाताला प्रतीक्षा लावू नका. वेळेत नूतनीकरण करणाऱ्याला प्रतीक्षा नको, खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. हे नियम कार्डाच्या मागे ठळक छापा; हप्ता भरून आठवड्याने दवाखान्यात गेलेल्या बाईला खिडकीवर पहिल्यांदा ‘अजून लागू नाही’ असे ऐकावे लागले, तर तिच्या गल्लीतली पाच घरे पुढच्या वर्षी गळतात.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नोंदणी कुटुंबाची असावी, माणसाची नव्हे. माणशी नोंदणी ठेवली की घरातली म्हातारी आणि गरोदर सून आत येतात, धडधाकट मुलगे बाहेर राहतात. रवांडात घरातल्या सगळ्यांचा हप्ता भरल्याशिवाय कुणालाच लाभ मिळत नसे. कुटुंबाची व्याख्या ‘एका चुलीवर जेवणारे’ अशी ठेवणे सोपे पडते, पण ती नावे नोंदणीच्या दिवशी वहीत लिहून त्या नावांपुढे कर्त्याची सही घ्या. ‘हे पण आमच्यातलेच’ म्हणून वर्षाच्या मध्येच आलेली नावे घेऊ नका. नवजात बाळ आणि लग्न होऊन आलेली व्यक्ती एवढेच अपवाद.

घरामागे एकच हप्ता ठेवला तर मोठी कुटुंबे जास्त येतात आणि माणशी खर्च वाढतो. पाच जणांपर्यंत एक दर आणि पुढच्या प्रत्येकाला थोडी जास्तीची रक्कम, ही तडजोड बरी.

आमच्या आरोग्य केंद्रात योजना आल्यापासून ओपीडी खूप वाढली. कर्मचारी म्हणतात, फुकट आहे म्हणून लोक उगाच येतात. हा गैरवापर नाही का?

बहुतेक वेळा नाही. इथिओपियात २०११ पासून १३ जिल्ह्यांत चाचणी म्हणून अशी योजना सुरू झाली, तेव्हा नाव घातलेल्या घरांच्या बाह्यरुग्ण भेटी बऱ्याच वाढल्या. निलगिरीतल्या गुडलूरमध्ये आदिवासी कुटुंबांच्या योजनेत विमाधारक विनाविमा लोकांपेक्षा जास्त दाखल होताना दिसले. पूर्वी घरीच कण्हत पडणारी माणसे दवाखान्यात पोचली, असा त्याचा अर्थ. वापर वाढला म्हणून योजना बिघडली असे समजणाऱ्यांशी आमचे सरळ मतभेद आहेत. ज्या योजनेत हप्ते भरले जातात आणि कार्डे कपाटातच राहतात, तिची काळजी करायला हवी.

तरी तक्रार तपासायची असेल तर नोंदवही उघडा. तीन महिन्यांच्या भेटींची तीन भागांत विभागणी करा : याच तक्रारीसाठी पहिल्यांदा आलेले, त्याच आजारात डॉक्टरने परत बोलावलेले आणि सात दिवसांत स्वतःहून पुन्हा आलेले. तिसरा भाग मोठा असेल तर त्याची कारणे पाहा. बरेचदा एका वेळी तीन दिवसांचीच औषधे दिलेली असतात, म्हणून माणूस परत येतो. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णाला महिन्याभराच्या गोळ्या एकदम दिल्या तर गर्दी तिथेच उतरते. पहिल्या सहा-आठ महिन्यांची लाट ही साठून राहिलेल्या दुखण्यांची असते. नंतर ती थोडी खाली येते.

रुग्णाकडून थोडी सहभाग रक्कम घेणे हा उपाय आहे, पण जपून. रवांडात रुग्णालयाच्या बिलाच्या १० टक्के रुग्ण देत असे. बाह्यरुग्ण भेटीला थोडीशी ठरावीक रक्कम ठेवावी, टक्केवारी नको, कारण किती द्यावे लागेल हे घरून निघतानाच माहीत असले पाहिजे. मुलांना, गरोदर बायांना आणि कायमच्या आजारांना ती माफ असावी.

आता कर्मचाऱ्यांची बाजू. त्यांचे काम दीडपट झाले आणि हातात काहीच वाढले नाही, तर चिडचिड रुग्णावर निघते. बुर्किना फासोतल्या नूना जिल्ह्यात २००४ साली सुरू झालेल्या योजनेत केंद्रांना सभासदामागे ठरावीक रक्कम मिळे. त्या व्यवस्थेवर कर्मचारी नाराज होते, विमाधारकांना नीट वागणूक मिळत नसल्याच्या तक्रारी होत्या आणि दरवर्षी बरीच घरे गळत. सभासदामागे रक्कम द्यायची असेल तर तिच्यातला काही हिस्सा कर्मचाऱ्यांच्या कामाशी जोडा, आणि औषधांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. दोन्ही एका पिशवीत टाकले की महिनाअखेर औषधांचे कपाट रिकामे होते.

कार्ड घरात आहे, हप्ता वेळेवर जातो. तरी सासूबाई आणि मोठी जाऊ दवाखान्यात जात नाहीत. सवयच अशी म्हणून सोडून द्यायचे का?

सवय हे बहुधा शेवटचे कारण असते. आधी पुढच्या गोष्टी तपासा.

कार्ड कुणाच्या ताब्यात आहे? ते कर्त्या पुरुषाच्या पाकिटात असेल आणि तो दिवसभर बाहेर असेल, तर घरातल्या बाईला दुपारी एकटीने जाता येत नाही. समितीने प्रत्येक प्रौढाला स्वतंत्र चिठ्ठीकार्ड द्यावे. खर्च नगण्य आहे. कार्डावर फोटो नाही, नावाचे स्पेलिंग वेगळे, वय चुकलेले या कारणांवरूनही म्हाताऱ्यांना परत पाठवले जाते, आणि एकदा परत आलेली म्हातारी पुन्हा जात नाही. नोंदणीच्या दिवशीच नाव मोठ्याने वाचून दाखवून दुरुस्त करून घ्या.

प्रवासाचे काय? विमा डॉक्टरची फी भरतो, गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी भरत नाही. ब्वामांडातही रुग्णालयापासून जसजसे लांब जावे तसतसा विमाधारकांचा वापर कमी दिसला. लांबच्या वस्त्यांतून सारखाच हप्ता घ्यायचा आणि लाभ मात्र जवळच्यांना मिळायचा, हा उघड अन्याय आहे. लांबच्या वस्तीला हप्ता कमी ठेवा किंवा ठरलेल्या वारी आरोग्यसेविका तिथे पाठवा. दाखल होणाऱ्याला गाडीभाड्याची ठरावीक रक्कम द्या.

पैसे आधी भरून नंतर परत मिळण्याची पद्धत आहे का? मग गरीब घर जाणारच नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने १९९२ साली स्त्रियांसाठी विमा योजना सुरू केली. आधी खर्च आणि नंतर परतफेड अशी ती होती. ग्रामीण भागातल्या जास्त गरीब सभासद बायका दावे करण्यात मागे पडत असल्याचे अभ्यासात दिसले. आधी उसने पैसे आणायचे, मग कागद गोळा करायचे, मग वाट पाहायची, हे ज्याला झेपते त्यालाच लाभ मिळतो. दवाखान्याला थेट पैसे देण्याची सोय करता येत असेल तर तीच करावी.

शेवटी, बाहेरची औषधे. योजनेच्या यादीतले औषध केंद्रात संपले, डॉक्टरने बाहेरून आणायची चिठ्ठी दिली, तर घरच्यांच्या दृष्टीने विमा नसल्यासारखाच. जवळच्या एका औषध दुकानाशी करार करून, केंद्राच्या शिक्क्याच्या चिठ्ठीवर यादीतली औषधे विनापैसे मिळतील अशी व्यवस्था ठेवा.

तुमच्या घरापुरते सांगायचे तर मागच्या वर्षभरात घरातला कोण किती वेळा गेला ते लिहून काढा. बहुतेक घरांत यादी डोळे उघडते.

दाखल व्हायची वेळ आली तर नक्की काय करायचे? शेजाऱ्यांचा दावा नाकारला गेला.

बहुतेक योजनांत आधी ठरलेल्या आरोग्य केंद्रात जावे लागते. तिथला डॉक्टर संदर्भ चिठ्ठी देतो, तिच्यावर शिक्का, तारीख आणि निदान असते. ती घेऊन करार असलेल्याच रुग्णालयात जायचे. थेट मोठ्या रुग्णालयात गेलात तर दावा नाकारला जातो, आणि नाकारण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच. जिवावरचे संकट असेल तर चिठ्ठी लागत नाही, पण ठरलेल्या मुदतीत, बहुधा २४ ते ४८ तासांत, समितीला कळवावे लागते. कोण कळवणार ते घरात आधीच ठरवून ठेवा.

दाखल होतानाच कार्ड दाखवा. ‘बिल झाल्यावर दाखवू’ असे केले तर रुग्णालय सामान्य दराने बिल लावते आणि मग उतरवत नाही. खोली कोणत्या वर्गाची लागू आहे ते विचारा. वरच्या वर्गाची खोली घेतली की नुसते खोलीचेच नव्हे, पुष्कळ ठिकाणी डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचे दरही वाढतात. सुटी होताना चार कागद ताब्यात घ्या : सुटीचा सारांश, तपशीलवार बिल, औषधांच्या पावत्या आणि तपासण्यांचे अहवाल. तपशीलवार बिल मागून घ्यावेच लागते, एकरकमी पावतीवर दावा अडतो. सगळ्या कागदांवर नाव कार्डावर आहे तसेच लिहिलेले हवे.

नकार आला तर तो लेखी मागा, कारण आणि नियमाचा क्रमांक लिहून. समितीच्या पुढच्या बैठकीत तो वाचला गेला पाहिजे.

दोन वर्षे हप्ता भरला, घरात कुणी आजारी पडले नाही. पैसे वाया गेले. या वर्षी भरावा का?

भरावा. ते पैसे कुणाच्या तरी शस्त्रक्रियेला गेले आणि तुमची वेळ आली तर बाकीच्यांचे येतील. शिवाय खंड पडला तर प्रतीक्षा काळ पुन्हा सुरू होतो. समितीलाही एक सांगणे आहे : अशा घरांसाठी वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि गरोदर बायांची तपासणी हप्त्यातच ठेवा. निधीवर फारसा भार पडत नाही आणि कार्ड वापरात राहते. निरोगी घरांना हप्त्यातली रक्कम परत देण्याची कल्पना मात्र टाळा, तिच्यामुळे माणसे दुखणे लपवतात.

ज्यांना हप्ताच परवडत नाही त्यांचे काय? गावाने वर्गणी काढून त्यांचा भरावा का?

दहा-पंधरा घरे असतील तर गावाने जरूर भरावा. पण गावातल्या तिसऱ्या हिश्शाच्या लोकांना हप्ता जड जात असेल तर तो भार गावाच्या निधीवर टाकणे बरोबर नाही. गरिबांनी गरिबांचा विमा काढायचा आणि बाकीच्या समाजाने बाजूला राहायचे, ही या पद्धतीची खरी कमजोरी आहे. सेनेगलमधल्या अशा योजनांत सभासदांना दाखल होताना खिशातून कमी पैसे द्यावे लागले, पण सर्वांत गरीब घरे बाहेरच राहिली.

ज्या देशांत व्याप्ती खरोखर वाढली तिथे सरकारचा पैसा आत आला. रवांडात १९९९ साली तीन जिल्ह्यांत चाचणी झाली, पुढे कायदा आला, २०११ पासून हप्ता घराच्या ऐपतीनुसार ठरू लागला आणि सर्वांत खालच्या गटाचा हप्ता सरकारने व देणगीदारांनी भरला. २०१५ मध्ये योजना सामाजिक सुरक्षा मंडळाकडे गेली. घानाने जिल्हा पातळीवरच्या परस्पर-साहाय्य योजनांना २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय विम्यात गुंफले आणि त्यासाठी विक्रीवर खास कर लावला. इथिओपियातही गरीब घरांचा हप्ता प्रशासन भरते.

यादी करताना मात्र गावाची गरज लागतेच. कोण खरोखर गरीब आहे हे गावाला ठाऊक असते, फक्त ते नाव बंद खोलीत न ठरता सभेत वाचले जावे आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळावेत. ज्यांचा हप्ता दुसऱ्याने भरला त्यांचे कार्ड वेगळ्या रंगाचे नसावे. खिडकीवर रंग पाहून माणसे मागे उभी केली जातात.

समितीने दर महिन्याला कोणते आकडे पाहावेत? आमच्याकडे फक्त जमा-खर्च वाचला जातो.

जमा-खर्चाने निधी उरला की नाही एवढेच कळते. त्याच्या जोडीला सभासदामागे भेटी पाहा, त्याही वस्तीवार आणि स्त्री-पुरुष वेगळ्या. एखाद्या वस्तीतून तीन महिने कुणीच आले नाही तर तिथे जाऊन विचारा. दाव्यांवर गेलेला पैसा जमा हप्त्याच्या किती टक्के ते काढा : ९० च्या वर गेला तर पुढच्या वर्षीचा हप्ता किंवा लाभ बदलावा लागेल, आणि ५० च्या खाली राहिला तर लोकांना उपचार मिळत नाहीत किंवा हप्ता जास्त आहे. नाकारलेले दावे कारणासकट मोजा. वर्षाअखेरीस नूतनीकरण न केलेल्या प्रत्येक घरी जाऊन कारण लिहून आणा.

आणि वर्षातून एकदा वीस-पंचवीस घरांत विचारा, आजारपणासाठी कर्ज काढावे लागले का, काही विकावे लागले का. घराच्या वर्षाच्या एकूण खर्चापैकी १० टक्क्यांहून जास्त उपचारावर गेला तर तो मोठा भार मानण्याची एक प्रचलित पद्धत आहे. २५ टक्के ही त्याहून कडक मोजपट्टी. सभासद घरांत अशी घरे किती आणि बिगरसभासदांत किती, ही तुलना वार्षिक सभेत फळ्यावर लिहा.